चाकाला शोभेल तीच धाव

बैलगाडीच्या चाकावर धाव बसविताना ज्यांनी लहानपणी पाहिले असेल, त्यांना त्यातील एक गोष्ट खचित आठवत असेल. लोहार प्रथम चाकाचा घेर मोजी आणि लोखंडी धाव त्याहून किंचित लहानच ठेवी. मग शेणींच्या जाळात ती लाल तापवून, फुगलेली असतानाच चाकावर चढवावयाची आणि वर पाणी ओतावयाचे. निवताना धाव आकसे, आणि आरे, पुठ्ठे व तुंबा एकजीव होत. धाव सैल राहिली तर वाटेत निखळे. फाजील घट्ट झाली तर चाकच वाकडे होई.

आज पुष्कळांच्या दारात मोटारगाडी आली आहे. परंतु त्या लोहाराची मोजून घेण्याची सवय मात्र आपण दारात आणलेली नाही. टायर रुंद दिसला, चाक उंच दिसले, की गाडीला रुबाब आला असे आपण समजतो. ही चूक आमच्याही हातून घडली आहे.

२०२२ साली आम्ही एक वापरलेली गाडी विकत घेतली. आधीच्या मालकाने तिला हौसेने रुंद टायर बसविले होते, आणि खरे सांगावयाचे तर त्या टायरांवरच आम्ही भाळलो. पुढे पावसाळ्यात म्हापशाच्या एका लग्नाला आम्ही बेळगावहून चोर्ला घाटाने निघालो. मागे आजी व दोन मुले, डिकीत सामान. प्रत्येक वळणावर खरखर असा आवाज येऊ लागला. थोड्या वेळाने जळक्या रबराचा वास आला. उतरून पाहतो तो मागचे चाक मडगार्डच्या कडेला घासून टायरच्या कुशीतील दोरे डोकावत होते! स्टेपनी चढविली, ओझे कमी व्हावे म्हणून आजीला आणि मुलांना सामानासह बसने पुढे पाठविले, आणि जीव मुठीत धरून साखळी गाठली. तेथील मेकॅनिकने काही न बोलता आम्हांस दोन टायर दाखविले. स्टेपनीवर लिहिले होते १८५/६५ आर १५. इतरांवर २०५/६५ आर १५. त्या एका आकड्यातच सारे आले होते.

हे आकडे वाचावयास मुळीच कठीण नाहीत. १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या कुशीची उंची रुंदीच्या शेकडा ६५ आहे. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. एक इंच २५.४ मिलिमीटरचा, तेव्हा रिम ३८१ मिलिमीटरची झाली. तीत वरची व खालची कूस मिळविली की चाकाची पूर्ण उंची सुमारे ६२१ मिलिमीटर येते. याच रीतीने २०५/६५ चा हिशेब करावा, तर उंची ६४७ वर जाते. २६ मिलिमीटर उंची आणि २० मिलिमीटर रुंदी वाढली. गाडी माणसांनी भरून खाली दबताच ते चाक मडगार्डला लागले, यात नवल ते काय?

घासणे कानांना ऐकू तरी येते. वेगाची चूक ऐकूही येत नाही. चाक मोठे झाले की एका फेऱ्यात ते अधिक वाट तोडते, पण मीटर जुन्याच मापाने मोजीत राहतो. वरील उदाहरणात मीटर ८० दाखवी, तेव्हा गाडी ८३ च्या वर धावत असे. शिवाय रस्त्यावर पाणी साचले असता रुंद टायर त्यावर तरंगण्याचा संभव अधिक.

मग माप कधी बदलूच नये काय? तसे नाही. मारुतीच्या स्विफ्टचे उदाहरण घ्या. तिच्या काही प्रकारांना कंपनीने १६५/८० आर १४ टायर दिले, तर काहींना १८५/६५ आर १५. हिशेब केला तर दोहोंच्या उंचीत केवळ दोन मिलिमीटरांचे अंतर निघते. रिम वाढली तशी कूस कमी केली, म्हणून चाक तेवढेच राहिले. कोणी १९५/५५ आर १६ बसविले तरी उंची जवळपास तीच येईल. पण कूस १०७ मिलिमीटरच उरेल. गावच्या खड्ड्यांत धक्का सोसावयाचा तो याच कुशीने. ती बारीक झाली की धक्का थेट रिमवर आणि आपल्या पाठीवर येतो.

मापापुढे आणखी एक खूण असते, जसे ८८ एच. ८८ या अंकाचा अर्थ एक टायर ५६० किलो भार पेलू शकतो. ‘एच’ म्हणजे तासाला २१० किलोमीटर वेगाची मर्यादा. नव्या टायरवरील भाराचा अंक आणि वेगाचे अक्षर मूळच्यापेक्षा कमी दर्जाचे कदापि नसावे. रिम बदलावयाची असेल तर नटांच्या छिद्रांची संख्या, त्यांच्या वर्तुळाचा व्यास, आणि चाक किती आत वा बाहेर बसते, हेही जुळले पाहिजे.

यास्तव दुकानाची पायरी चढण्यापूर्वी गाडीसोबत मिळालेले पुस्तक उघडावे, किंवा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठी पाहावी. मंजूर मापे आणि हवेचा दाब बहुधा तेथेच मिळतो. एका आसावरचे दोन्ही टायर एकाच मापाचे व बांधणीचे असावेत. टायरवरील तारखेचे चार आकडेही वाचावेत. ३५२३ म्हणजे २०२३ सालातील पस्तिसावा आठवडा.

आम्ही ते चारही रुंद टायर काढून टाकले. गाडीचा रुबाब थोडा उतरला खरा; पण परतीच्या वाटेवर घाटातील वळणांवर मागून आजीच्या घोरण्यावाचून दुसरा कोणताही आवाज आला नाही.