चीकाला सापडलेला माइक

चेन्नईच्या गिंडी भागातलं इंजिनिअरिंग कॉलेज म्हणजे मुळात १७९४ साली जमीनमोजणी शिकवण्यासाठी निघालेली शाळा. आजच्या जागी ते १९२० मध्ये आलं. या कॉलेजने भारताला दोन कसोटी कर्णधार दिले : एस. वेंकटराघवन आणि कृष्णम्माचारी श्रीकांत ऊर्फ चीका. खेळ सुटल्यावर दोघांच्या वाटा अगदी उलट गेल्या. वेंकट पंच झाला आणि ७३ कसोटींत बहुतेक वेळा नुसत्या बोटाने बोलला. श्रीकांतने मात्र माइक हातात घेतला.

सलामीला येणारा श्रीकांत मैदानावर कधी स्वस्थ नसायचाच. १९८१ मध्ये मुंबईत पहिलीच कसोटी खेळताना चेंडू टोलवून तो सहज क्रीजबाहेर फिरायला निघाला आणि धावबाद झाला. २५ जून १९८३ ला लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात एक गुडघा टेकून त्याने अँडी रॉबर्ट्सला मारलेला चौकार त्या पिढीच्या डोळ्यांपुढून हललेला नाही. त्या दिवशी त्याच्या ३८ धावा ही दोन्ही संघांत मिळून सर्वोच्च खेळी ठरली.

असा माणूस आवाज चढवून बोलणार, मध्येच हसणार, वाक्य अर्ध्यावर सोडणार. २०१७ मध्ये स्टार स्पोर्ट्सची तमिळ वाहिनी सुरू झाली आणि या बोलण्याला हक्काचं घर मिळालं. तमिळ समालोचन त्याआधीही होतंच. अब्दुल जब्बार यांच्या आवाजाने रेडिओवर ते घरोघर पोहोचवलं होतं. पण जब्बार सामना दाखवायचे, कारण ऐकणाऱ्यापुढे चित्र नव्हतं. टीव्हीवर चित्र समोरच असतं. तिथे श्रीकांत फलंदाजाच्या पोटातली धडधड सांगतो, तीही चेन्नईच्या चहाच्या टपरीवर चालणाऱ्या, इंग्रजी मिसळलेल्या तमिळमध्ये. माझ्या मते त्याचा कस इथेच लागतो. इंग्रजीत तो बरा बोलतो. तमिळमध्ये तो पुन्हा सलामीला उतरतो. पुढे मुलगा अनिरुद्धसोबत त्याने ‘चीकी चीका’ हे यूट्यूब चॅनेल काढलं, तिथेही गप्पांचा सूर हाच.

आवाज सापडणं किती कठीण असतं, हे बास्केटबॉलच्या बिल वॉल्टनकडे पाहून कळतं. १९७७ मध्ये पोर्टलंडला एनबीए विजेतेपद मिळवून देणारा हा उंचापुरा खेळाडू वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत तोतरा बोलायचा. मार्टी ग्लिकमन या जुन्या समालोचकाने त्याला बोलण्याची वाट दाखवली आणि पुढे अमेरिकेतल्या सर्वांत बोलक्या समालोचकांत त्याची गणना झाली. त्याच्याइतक्या मोठ्या अडथळ्यावरून उडी मारलेला दुसरा समालोचक मला आठवत नाही.

आपल्याकडे महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले बाळ ज. पंडित आकाशवाणीवर मराठीतून धावतं वर्णन करायचे. चेंडू कुठे पडला, किती वळला, हे त्यांच्या शब्दांतून दिसायचं, कारण तसा चेंडू त्यांनी स्वतः खेळलेला होता. नंतर बराच काळ मराठी कान हिंदी-इंग्रजीवरच राहिले. २०२३ मध्ये जिओसिनेमावर आयपीएलचं मराठी समालोचन होतं, तेव्हा त्या कक्षात क्रिकेटपटू केदार जाधव बसला होता. हंगाम निम्म्यावर आलेला असताना बंगळुरूच्या संघात डेव्हिड विलीची जागा रिकामी झाली. बोलावणं आलं तसा जाधवने माइक ठेवला आणि पॅड बांधायला गेला.