बाळाच्या यकृतातली पाण्याची गाठ

उदगीरमध्येही गरोदरपणातली सोनोग्राफी आता नेहमीची झाली आहे. क्वचित एखाद्या रिपोर्टात ‘बाळाच्या यकृतात सिस्ट’ असं लिहून येतं आणि घर कॅन्सरच्या धास्तीने हबकतं. जन्मजात साधी सिस्ट हा कॅन्सर नव्हे. ती पातळ अस्तराची, पाण्यासारख्या द्रवाने भरलेली पिशवी असते. पित्तनलिकांचं जाळं घडताना एखादी फांदी तुटून बाजूला राहते आणि तिच्यात द्रव साठत जातो, असं मानतात. बहुतेक गाठींवर सोनोग्राफीने लक्ष ठेवलं की पुरतं.

गाठ वाढून जठर किंवा श्वासपटल दाबू लागली, बाळ दूध ओकू लागलं, त्याला धाप लागली, तर मात्र ऑपरेशन लागतं. नुसतं सुईने पाणी काढलं तर ते पुन्हा भरतं, कारण पाझरणारं अस्तर जागेवरच असतं. म्हणून गाठीचा यकृताबाहेर डोकावणारा भाग कापून काढतात. मग पाझर पोटाच्या पोकळीत उतरतो आणि तिथलं आवरण तो शोषून घेतं.

हे काम दुर्बिणीने होतं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीने पित्ताशय काढलं, ती देशातली पहिली अशी शस्त्रक्रिया. नवजात बाळासाठी हत्यारं अवघी ३ ते ५ मिलिमीटर जाडीची असतात. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड सोडतात. मोठ्यांना त्याचा दाब पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटरइतका, बाळाला साधारण ६ ते ८. बाळाचा श्वास मुख्यतः श्वासपटलावर चालतो, दाब वाढला की तोच अडतो. त्यामुळे अशा ऑपरेशनात सर्जनाइतकंच भूलतज्ज्ञाचं कसब पणाला लागतं.

खरा धोका ओळख चुकण्यात आहे. पित्तनलिकेचा फुगवटाही सोनोग्राफीत असाच दिसू शकतो. त्याचं छत कापलं तर पित्त पोटात सांडेल. तो पूर्ण काढून नलिका आतड्याला जोडावी लागते. नलिकाच बंद असण्याच्या आजारातही कधी अशी गाठ दिसते, आणि त्यावरची कासाई शस्त्रक्रिया जन्मापासून ६० दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त. म्हणून आधी एमआरआय हवा, आणि ऑपरेशनच्या वेळी गाठीतल्या द्रवाचा रंगही तपासायला हवा.

बंद नलिकेच्या खुणा घरीही दिसतात. आशाताई चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी घरी येतात. बाळाची शी पांढुरकी असेल, किंवा दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे असतील, तर त्यांना जरूर सांगा. ‘कोवळ्या उन्हात धरा, कावीळ उतरेल’ या सल्ल्यावर थांबू नका. लातूर किंवा नांदेडच्या मोठ्या रुग्णालयात त्याच आठवड्यात ‘डायरेक्ट बिलिरुबिन’ची तपासणी करून घ्या.