विनोदाचे देशांतर आणि भाषांची उतरंड

परदेशी चित्रपट स्थानिक चित्रपटगृहात जितक्या सहजपणे रुजतो, तितक्या सहजपणे परदेशी विनोदी मालिका घरच्या पडद्यावर रुजतेच असे नाही. याचे कारण सामान्यतः शब्दांच्या अडसरात शोधले जाते. तथापि, विनोद कोणत्या भाषिक उतरंडीवर उभा आहे, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे.

चार्ली चॅप्लिनच्या ‘सिटी लाइट्स’ (१९३१) या चित्रपटाच्या प्रारंभी एका शिल्पाच्या अनावरणप्रसंगी मान्यवरांची भाषणे होतात. परंतु त्यांच्या मुखातून शब्दांऐवजी केवळ चिरके ध्वनी ऐकू येतात. औपचारिक भाषेचे पोकळपण येथे नादातूनच प्रकट होते. समारंभातील भाषणे ऐकलेल्या कोणत्याही देशातील प्रेक्षकाला त्यासाठी अनुवाद लागत नाही.

अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी लिहिलेल्या ‘येस मिनिस्टर’ (१९८०-८४) या बीबीसीच्या मालिकेचे लक्ष्य असेच आहे. साधन मात्र नेमके उलट, म्हणजे शब्दांचा अतिरेक हे आहे. सचिव सर हम्फ्री ॲपलबी निर्णय टाळण्यासाठी उपवाक्यांत गुरफटलेली प्रदीर्घ वाक्ये उच्चारतात आणि मंत्री जिम हॅकर त्यांत हरवून जातात. दोघांचीही भाषा इंग्रजीच. अंतर आहे ते शैलीचे व शिक्षणाचे : ऑक्सफर्डमध्ये अभिजात भाषा शिकलेल्या सचिवाला लॅटिन अवगत आहे, मंत्र्याला नाही.

या मालिकेचे ‘जी मंत्रीजी’ हे हिंदी रूपांतर २००१ मध्ये स्टार प्लसवर आले. त्यात फारुख शेख मंत्री, तर जयंत कृपलानी सचिव होते. भारतीय प्रशासनाची घडण ब्रिटिश वळणाची असल्याने मंत्री-सचिव संबंध प्रेक्षकाला समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. अवघड होता तो लॅटिनचा पर्याय. भारतात सत्तेच्या भाषेचे किमान तीन थर आहेत : दप्तर, तहसील, जामीन यांसारख्या शब्दांतून टिकून राहिलेला फारसी-अरबी थर, राजभाषेच्या परिभाषेतील संस्कृतप्रचुर थर, आणि प्रत्यक्ष अधिकाराशी निगडित असलेली इंग्रजी. यांपैकी एकही थर लॅटिनशी तंतोतंत जुळत नाही. संस्कृतला धार्मिक प्रतिष्ठेचे वलय आहे, तर इंग्रजी ही वर्तमान सत्तेचीच भाषा आहे. परिणामी, रूपांतरकाराला शब्द निवडण्यापूर्वी कोणत्या सत्तेला हसावयाचे, हे ठरवावे लागते.

मराठीतही याचा प्रत्यय येतो. शासनाच्या ‘पदनाम कोशा’ची आचार्य अत्रे यांनी ‘बदनाम कोश’ म्हणून संभावना केली. त्या विनोदाचा रोख संस्कृतप्रचुर थरावर होता. तोच विनोद इंग्रजीत न्यावयाचा झाल्यास शब्दांचे प्रतिशब्द मिळतील. परंतु नव्याने घडविलेल्या राजभाषेविषयीची ती अस्वस्थता इंग्रजी वाचकाच्या अनुभवात सापडणार नाही.

म्हणून विनोदाच्या तौलनिक अभ्यासात सुटा विनोद हे एकक अपुरे ठरते. मूळ आणि रूपांतर यांतील भाषांच्या उतरंडी शेजारी ठेवल्या, तरच काय गळले आणि त्या जागी काय आले, याचा निर्णय करता येतो.