कुलूप लागलेली उपचार-खोली

आमच्या भागातील एक शेतकरी बंधू ऐन डवरणीच्या दिवसांत शेतातच कोसळले. लकवा. प्राण वाचले, पण उजवी बाजू गेली. काही महिन्यांनी आम्ही त्यांना भेटावयास गेलो, तेव्हा ते ओसरीवरच्या खाटेवर पडून होते. कोपर छातीशी आखडलेले, मूठ घट्ट वळलेली. त्यांची पत्नी म्हणाली, "फादर, दवाखान्यात व्यायामाची खोली हाये म्हणते, पण तिले कुलूप हाये."

आम्ही जाऊन पाहिले. दवाखान्याचे नाव येथे घेत नाही, कारण अशा खोल्या एकाच दवाखान्यात नसतात. बऱ्याच खटपटीनंतर किल्ली सापडली. आत चालण्याचा सराव करण्याचे दोन समांतर दांडे, खांद्यासाठी कप्पी, भिंतीवर मोठा आरसा. आणि त्या दांड्यांवर जुन्या कागदांचे गठ्ठे रचलेले. वस्तू सर्व होत्या, माणूस नव्हता.

या खोलीत असे काय होते की तिच्यासाठी धडपडावे? पुष्कळांना वाटते, ही मालिश आहे. ती घरीही होते. तसे नाही. लकव्यात हात किंवा पाय बिघडत नाही. मेंदूचा तो भाग मरतो जो त्यांना हुकूम देतो. शेजारचा भाग ते काम शिकू शकतो, पण शिकतो तो पुन्हापुन्हा केल्यानेच. रोज शेकडो वेळा तीच हालचाल करावी लागते. ही सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते. पुढेही होते, पण सावकाश. दरम्यान न हलवलेला स्नायू आखडून आखूड होतो, आणि मग मेंदू शिकला तरी सांधा उघडत नाही. वर्षभर पडून राहिलेल्या विहिरीवरच्या मोटारीचे काय होते ते आपण जाणतोच. मतिमंद नसूनही केवळ स्नायू ताठ असल्यामुळे 'वेडे' ठरलेल्या लेकरांचे, किंवा थ्रेशरमध्ये हात गेलेल्या तरुणाचेही असेच आहे. ज्याचा त्याचा व्यायाम वेगळा, म्हणूनच शिकलेला माणूस लागतो. (घरच्यांसाठी एक सूचना येथेच देतो: लकव्याच्या रोग्याला उठवताना दुबळ्या हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो. आणि जो स्वतः कूस बदलू शकत नाही त्याची कूस दर दोन तासांनी बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात.)

आता खोली बंद का पडते ते पाहू. इमारत आणि यंत्रे यांचा पैसा एकदाच येतो. फीत कापली जाते, फोटो निघतो. पगार मात्र दर महिन्याला लागतो व तो दुसऱ्या खात्यातून येतो. नेमलेला माणूस बदलून गेला की जागा रिकामी राहते. रोगी दोन-तीनदा येऊन परत जातात, बसभाडे व बुडालेली मजुरी मोजतात, मग येणे सोडतात. वर्षाअखेरी रजिस्टरात शून्य. आणि वर कागद जातो की या भागात रोगीच नाहीत, तेव्हा माणूस कशाला? या शून्यावरच सारे अडते. ते खोटे आहे हे कागदावर दाखवणे, हेच आपले काम आहे. अधिकाऱ्यांवर रागावून काही होत नाही. आम्हीही प्रथम रागावलोच होतो, आणि त्यात एक महिना गेला.

माणसे मिळतच नाहीत असेही कोणी सांगेल. हाताचे रोजचे काम पुन्हा शिकवणारे व्यवसायोपचाराचे शास्त्र आपल्या देशात रुजवले ते कमलाबाई निंबकर यांनी. जन्माने अमेरिकन, सासरने मराठी. १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी याची शाळा काढली आणि पुढे नागपुरातही काढली. (फलटणचे कृषिशास्त्रज्ञ बनबिहारी निंबकर हे त्यांचेच चिरंजीव.) म्हणजे आपल्या उंबरठ्याशी, नागपुरात, साठ वर्षांहून अधिक काळ अशी माणसे तयार होत आहेत. लोधीखेड्याहून रोग्याला तिकडे नेण्यात पूर्ण दिवस मोडतो. एका माणसाला आठवड्यातून दोन दिवस इकडे आणणे त्याहून कितीतरी सोपे.

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात पूर्वीच्या ७ ऐवजी २१ प्रकारचे अपंगत्व मानले आहे. खेड्यांतही जवळपास आरोग्यसेवा मिळावी असे त्याचे पंचविसावे कलम सांगते, तर पुनर्वसनाची जबाबदारी सत्ताविसावे कलम शासनावर टाकते. अर्थात 'आर्थिक ऐपतीप्रमाणे' हे शब्द तेथे आहेतच, म्हणून नुसते कायद्याचे नाव घेऊन भागत नाही.

पहिला कागद माहितीच्या अधिकाराचा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही नाही. उत्तर ३० दिवसांत यावयास हवे. "खोली का बंद आहे?" असे विचारू नका, त्याला गोलमोल उत्तर येते. विचारा: उपचारकाचे पद मंजूर आहे काय? केव्हापासून रिकामे? साठा-रजिस्टरात कोणती यंत्रे आहेत? गेल्या वर्षी रोगी किती?

दुसरा कागद आपली यादी. गाव, वय, त्रास, दवाखान्याचे अंतर, आणि उपचार का सुटला हे एका ओळीत. ज्याचे नाव त्याची संमती घ्यावी. ही यादी सर्वांची असावी, केवळ आपल्या धर्मग्रामाची नव्हे. लोक अपंग लेकरू पाहुण्यांपासून लपवतात, म्हणून हे काम आयाबहिणींनीच घरोघर जाऊन केलेले बरे. आमची वही सुरू झाली तेव्हा आम्ही चार-पाच नावे धरली होती. आता तिसरे पान भरले आहे.

मग ग्रामसभेचा अथवा नगर परिषदेचा ठराव जोडून अर्ज दवाखान्याच्या रोगी कल्याण समितीकडे द्यावा. ही समिती आपल्या निधीतून मानधनावर माणूस बोलावू शकते. तिची कथा मोठी बोलकी आहे. उंदरांनी पोखरलेले इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय १९९४ मध्ये लोकांच्या मदतीने साफ झाले, आणि त्यातूनच ही कल्पना राज्यभर गेली. तेथे दाद लागली नाही तर मंगळवारची जनसुनवाई, १८१ क्रमांकाचा फोन, आणि शेवटी भोपाळचे निःशक्तजन आयुक्त. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून सौंसर तालुक्याच्या लोकांना जनसुनवाईसाठी छिंदवाड्यापर्यंत जावे लागत नाही, हे एक बरे झाले.

आमच्या अर्जाचे उत्तर आले आहे: पद मंजूर, जागा रिकामी, रोगी शून्य. संत्र्याचा बहार व कापूस वेचणी यांत माणसे अडकण्याआधी यादी पुरी करावयाची आहे. रविवारी मिस्सानंतर वही सभागृहात ठेवलेली असेल. ज्यांच्या घरचा रोगी पांढुर्ण्याला येण्यास तयार आहे त्यांनी तसे सांगावे. गाडीची व्यवस्था आम्ही करू. ओसरीवरचे ते बंधू सर्वांत आधी तयार झाले आहेत.