परभणीचा मे महिना आणि ग्राफिक्स कार्डाचा कूलर

ग्राफिक्स कार्डाच्या चिपची उष्णता बाहेर टाकण्यासाठी कंपनी त्यावर धातूच्या पात्या आणि पंखे बसवूनच देते. ते काढून त्या जागी वेगळा विकत घेतलेला, मोठा कूलर बसवला की झाले आफ्टरमार्केट एअर कूलिंग. दोन्हीकडे चिपला थंड करते ती खोलीतलीच हवा, आणि परभणी जिल्ह्यात खरी मेख तिथेच आहे.

हवेवर चालणारा कूलर कितीही महाग घेतला तरी चिप खोलीतल्या हवेपेक्षा थंड होत नाही. कूलर फक्त दोघांच्या तापमानातला फरक कमी करतो. समजा, पूर्ण भारावर हा फरक ४५ अंशांचा आहे. जानेवारीत खोली २२ अंशांवर असताना चिप ६७ वर राहील. मे महिन्यात पत्र्याखालची खोली ४० वर गेली की तेच कार्ड ८५ गाठेल. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे सरकणे परभणीकरांना काही नवे नाही. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १०८० ची कमाल मर्यादा ९४ अंश आहे, आरटीएक्स ४०९० ची ९०. पण कार्ड तिथवर पोचण्याच्या आधीच वेग उतरवू लागते. १०८० च्या मूळ रचनेत ८३ अंशांपासून ही काटछाट सुरू होते. कार्ड जळत नाही, मंदावते. लग्नाचा व्हिडिओ रेंडर व्हायला पहाटेपेक्षा दुपारी जास्त वेळ लागत असेल, तर आधी संशय इथे घ्यावा.

कूलरचा तांब्याचा तळ चिपला टेकतो. त्यातून निघणारे हीट पाइप म्हणजे हवा काढून थोडेसे पाणी भरलेल्या तांब्याच्या बंद नळ्या. तापलेल्या टोकाला पाण्याची वाफ होते, ती पात्यांच्या बाजूला जाऊन निवते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून पाणी परत चिपकडे ओढले जाते. नळीतला दाब कमी असल्याने पाणी उकळायला १०० अंश लागत नाहीत. मोठ्या कूलरमध्ये नळ्या जास्त, पात्यांचे क्षेत्रफळ जास्त आणि पंखेही मोठे. मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा ढकलतो, त्यामुळे आवाज कमी होतो. २००३ च्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्राचा पंखा इतका बदनाम झाला की एनव्हिडियाने स्वतःच त्याची टिंगल करणारी चित्रफीत काढली. झालमन, थर्मलराइट, आर्क्टिक यांच्या सुट्या कूलरांना गिऱ्हाईक मिळाले ते अशाच गोंगाटामुळे. रायजिनटेकच्या मॉर्फियसमध्ये तर १२ हीट पाइप. पंखे मात्र वेगळे घ्यायचे. आता कंपन्याच जाडजूड, तीन पंख्यांचे कूलर लावून कार्डे विकतात, त्यामुळे सुट्या कूलरांचा बाजार आटला आहे.

कूलर बदलणे हे केवळ चार स्क्रूंचे काम नव्हे. चिपभोवतीच्या छिद्रांमधले अंतर सगळ्या कार्डांत सारखे नसते. एनव्हिडियाच्या अनेक कार्डांत ते ५८ मिमीच्या आसपास, तर एएमडीच्या बऱ्याच कार्डांत ५३ मिमीच्या आसपास भरते. चिपवर प्रोसेसरसारखे धातूचे झाकण नसते, सिलिकॉन उघडेच असते. म्हणून स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे करून आवळावे लागतात; एक कोपरा आधी दाबला गेला तर चिपचा टवका उडू शकतो. चिप आणि तळ यांच्यामधली जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावताना सगळा चौकोन झाकला गेला पाहिजे. मेमरीच्या चिपा आणि वीजपुरवठ्याचे भाग यांना थर्मल पॅड लागतात, तेही मूळ जाडीचेच. पॅड अर्धा मिमी जाड झाला तरी तळ मुख्य चिपला नीट टेकत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते. शिवाय स्क्रूवरचा स्टिकर फाटला की वॉरंटी नाकारली जाण्याची शक्यता असते.

कमी खर्चाचा मार्ग असा: मूळ पात्या तशाच ठेवून फक्त प्लास्टिकचे आवरण आणि त्यातले पातळ पंखे काढायचे, आणि तिथे कॅबिनेटचे १२० मिमीचे दोन पंखे केबल टायने बांधायचे. कार्डावरचा पंख्याचा सॉकेट लहान असतो, त्यासाठी जोडवायर लागते. दिसायला ओबडधोबड, पण पेस्टला हात लागत नाही. अशा कार्डाला तीन-चार स्लॉटची जागा लागते, तेवढी मात्र आधी मोजून घ्यावी.

परभणीत धुळीचा विचार वेगळा करावा लागतो. काळ्या मातीची बारीक धूळ पात्यांमध्ये बसली की नवा कूलरही काही महिन्यांत जुन्यासारखा वागतो. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर तो भरधाव फिरून बेअरिंग जाते. कॅबिनेटच्या तोंडाशी बारीक जाळी हवी आणि ती धुतलीही पाहिजे.

खोलीतला पाण्याचा कूलर इथे खरा कामाचा ठरतो. ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असलेली कोरडी हवा ओल्या गवताच्या जाळीतून २८ अंशांच्या आसपास उतरू शकते. म्हणजे कार्डाला साधारण १४ अंशांची सूट मिळते. इतकी सूट कार्डावरचा नवा कूलर क्वचितच देतो. मात्र त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको, कारण बोअरच्या जड पाण्याचे तुषार उडाले तर सर्किटवर क्षार बसतात. खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होऊन हवा निवण्याचे थांबते. पावसाळ्यात तर ही युक्ती जवळजवळ निकामी ठरते.

त्यामुळे खर्चाचा क्रम आधी सफाई, मग नवी पेस्ट, मग कॅबिनेटचे आणि खोलीचे वारे, असा ठेवावा. एवढे करूनही कार्ड ऐन उन्हाळ्यात वेग उतरवत असेल आणि त्याची वॉरंटी संपलेली असेल, तरच नव्या कूलरवर पैसे घालावेत.