उघड्यावरची चूल

तंजावरहून उत्तरेस तिरुवैयारूकडे निघाले, की दहा-बारा किलोमीटरांच्या आत कावेरीचे आणि तिच्या फाट्यांचे एकामागून एक पूल लागतात. काही वर्षांपूर्वी जानेवारीच्या मध्यास सरकारी कामानिमित्त मी त्या जिल्ह्यात होतो. तेथील एका मराठी कुटुंबाने आपल्या शेतावर पोंगलसाठी मला अगत्याने बोलावले. व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी घराणी तेथे गेली त्यांपैकी हे एक. तेथील मराठी राज्य १८५५ साली खालसा झाले. पण घरातली मराठी राहिली आहे. शब्द जुने आणि चाल तमिळ, अशी ती भाषा ऐकताना पाहुण्याला प्रथम जरा सांभाळून कान द्यावा लागतो.

आम्ही पोहोचलो तेव्हा अंगण सारवून झाले होते. तांदळाच्या पिठाचे कोलम रेखले होते, आणि त्याच्या मधोमध तीन विटा मांडून चूल केली होती. तीवर नवे मडके, त्याच्या गळ्याला पानांसकट हळदीचे ओले कंद बांधलेले, बाजूला उसाची उभी कांडी. मार्गळी महिना संपून तै महिना लागतो त्या दिवसाचा हा विधी. नव्या पिकाचा तांदूळ सूर्याच्या साक्षीने शिजवायचा, म्हणून छपराखाली स्वयंपाक नाही. घरच्या वृद्ध आजी चुलीपुढे बसल्या होत्या. मी उत्साहाने एक जाड लाकूड पुढे सारले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "आत घालू नका, बाहेर ओढा."

त्या चार शब्दांत चुलीचे निम्मे शास्त्र आहे, हे मला पुढे उमगले.

आपण 'लाकूड जळते' असे म्हणतो; वस्तुतः लाकूड प्रथम तापते आणि विघटित होते. आधी त्यातील पाणी निघून जाते. तापमान दोन-अडीचशे अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की त्यातून ज्वलनशील वायू व बाष्पे बाहेर पडू लागतात. ही बाष्पे हवेत मिसळून पेटली की ज्वाला दिसते. न पेटता निसटली की धूर होतो. आणि सारे वायू निघून गेल्यावर जो कोळसा उरतो, तो ज्वालेवाचून लाल होऊन धगधगत राहतो, तो निखारा. एकाच सरपणाची ही तीन रूपे आहेत. उघड्यावर रांधणाऱ्याचे सारे कौशल्य, कोणत्या वेळी यांपैकी कोणते रूप भांड्याखाली असावे, हे ओळखण्यात असते.

ओले लाकूड धुरकटते याचे कारण यातच आहे. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. चांगले वाळल्यावर ते १५ ते २० टक्क्यांवर येते. ओल्या लाकडाची उष्णता आधी स्वतःचे पाणी आटवण्यात खर्च होते, चूल थंड राहते आणि बाष्पे पेटत नाहीत. चुलीत लाकडे गच्च कोंबल्यानेही तेच घडते, कारण हवेला वाट राहत नाही. आमच्या लहानपणी फुंकणीने फुंकफुंकून डोळे लाल होत, त्यांतली कितीतरी फुंकर केवळ या कोंबण्याच्या पापाची असे.

आजींच्या मडक्यात प्रथम दूध होते. त्याला भडकती ज्वाला हवी. कारण येथे हेतूच मुळी ते उतू जावे हा! तापलेल्या दुधावर प्रथिने व स्निग्धांश मिळून साय धरते, खालून येणारी वाफ तिच्याखाली कोंडते, आणि मग फेसासकट सारे दूध काठावरून उसळते. त्या क्षणी मुलांनी 'पोंगलो पोंगल' असा गजर केला. एरवी दूध उतू गेले तर घरात बोलणी बसतात. वर्षातून हा एक दिवस त्याला सन्मान! त्यानंतर नवा तांदूळ आणि मुगाची डाळ आत पडली, आणि लगेच आजींनी लाकडे बाहेर ओढली. आता ज्वाला नको, निखारा हवा. चुलीला चावी नसते. लाकूड मागेपुढे करणे हीच तिची चावी. गूळ घातला तो भात पुरता मऊ झाल्यावर. आधी घातला तर साखरेमुळे दाणा नीट शिजत नाही, आणि बुडाशी करपतो तो वेगळाच.

पोंगल उतरल्यावर उरलेल्या फुफाट्यात मुलांनी रताळी पुरली. फुफाट्यातले रताळे उकडलेल्याहून गोड लागते, हा आपला सर्वांचा अनुभव. रताळ्यात पिष्टाचे साखरेत रूपांतर करणारे एक पाचकद्रव्य असते. ते साठ-सत्तर अंशांच्या आसपास उत्तम काम करते, आणि त्याहून फार तापले की निकामी होते. उकळत्या पाण्यात रताळे ही पायरी झटकन ओलांडून जाते. राखेत ते सावकाश तापते, म्हणून त्या द्रव्याला पुरेसा अवधी मिळतो. वरची साल खरपूस होते त्याचे कारण दुसरे. पाण्यात कितीही उकळा, शंभर अंशांच्या फारसे वर जाता येत नाही. अन्न तपकिरी होऊन त्याला भाजल्याचा वास येण्यास त्याहून बरीच अधिक आच लागते.

हे चालले असता मला आपल्याकडचे तेच दिवस आठवत होते. संक्रांतीच्या आगेमागे देशावर शेतात आगटी पेटते, गोवऱ्यांच्या विस्तवात ज्वारीची कोवळी कणसे भाजून हातावर चोळतात, आणि गरम हुरडा पळसाच्या पानावर येतो. रायगडात त्याच सुमारास वालाच्या शेंगांची पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि शेंगा भरून, तोंड पाल्यानेच बंद करून ते उपडे ठेवतात व भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंब न घालता शेंगा आपल्याच ओलाव्यात शिजतात. विदर्भात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजून झाडाखाली पंगती बसतात. हे रोडगे काही आजचे नव्हेत. भावमिश्रांच्या 'भावप्रकाशा'त, म्हणजे सोळाव्या शतकात, गव्हाच्या पिठाचे गोळे अंगारावर भाजण्याची कृती 'अंगारकर्कटी' या नावाने आली आहे, आणि तेथे विस्तव निर्धूम असावा असे स्पष्ट सांगितले आहे. त्याहूनही चारशे वर्षे मागे कल्याणीच्या सोमेश्वर राजाचा 'मानसोल्लास' पाहिला, तर मांसाचे तुकडे शूलावर ओवून निखाऱ्यावर भाजण्याचे वर्णन मिळते. तंजावरच्या मराठी राजांनाही पाकविद्येची आवड होती. रघुनाथ पंडितांचे 'भोजनकुतूहल' सतराव्या शतकातले, आणि दुसऱ्या सरफोजींच्या नावाचे 'शरभेंद्र पाकशास्त्र' तेथील मुदपाकखान्याची साक्ष देते. संभाजीराजांवरून सांबार हे नाव पडले ही गोष्ट मात्र मी तेथे तीन निरनिराळ्या घरी तीन निरनिराळ्या तऱ्हांनी ऐकली. तिला पुरावा म्हणता येणार नाही.

धुराला आपण शत्रू मानतो, तरी त्याची चव आपल्याला हवी असते. लाकडातील लिग्निन नावाचे द्रव्य तापून फुटले की त्यातून सुगंधी फिनॉले निघतात. धुरावर धरलेल्या मासळीला येणारा वास त्यांचाच. त्यांतील काही द्रव्ये जंतूंना रोखतात, म्हणून धुरी देणे ही टिकवण्याचीही रीत झाली. आपल्या घरी निखाऱ्यावर तूप सोडून पातेल्यावर झाकण घालतात, तो धुंगार म्हणजे याच विद्येचा घरगुती धडा. मात्र मांसातील चरबी थेट निखाऱ्यावर ठिबकून जो काळा धूर उठतो, त्यात कर्करोगास कारण होणारी द्रव्ये असतात. म्हणून भाजताना ज्वाला उठू न देणे आणि चरबी बाजूस पडू देणे, हा केवळ चवीचा प्रश्न नाही.

आणि निर्धूम म्हणजे निर्दोष, असेही समजू नये. याची शिकवण मला फार स्वस्तात मिळाली. नोकरीच्या आरंभी एका फिरतीवर, थंडीच्या रात्री, हुरडा खाऊन आम्ही तिघे एका विश्रामगृहात परतलो. बाहेरच्या शेगडीतले निखारे लालबुंद होते, धुराचा मागमूस नव्हता. ऊब मिळावी म्हणून शेगडी खोलीत घेण्याची कल्पना माझीच. दारे-खिडक्याही मीच लावल्या. पहाटे शिपायाने चहासाठी दार ठोठावले, उत्तर मिळेना, म्हणून जोराने ढकलून उघडले. आम्ही जिवंत होतो, पण डोके फुटायची वेळ आली होती आणि पाय उचलत नव्हते. अपुऱ्या हवेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. शिपाई अर्ध्या तासाने उशिरा आला असता, तर हे सांगायला मी उरलो असतो की नाही, कोण जाणे. उघड्यावर जो वायू वाऱ्याबरोबर विरून जातो, तोच बंद खोलीत निजलेल्याला पुन्हा उठू देत नाही.

तिरुवैयारूच्या आजींना मी हा प्रसंग सांगितला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, की त्यांच्या सासूबाई आतल्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षे लाकडावर रांधत होत्या आणि शेवटची दहा वर्षे खोकत होत्या. तेव्हा त्याला कोणी चुलीचा खोकला म्हटले नाही, म्हातारपणाचा म्हटले. माझ्या आईच्या खोकल्यालाही आम्ही तेच नाव दिले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील अशा धुरापायी २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली. आपल्याकडे २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि पुष्कळ घरांत गॅस पोहोचला. पण टाकी पुन्हा भरून आणण्याचा खर्च जेथे झेपत नाही, तेथे चूल अजूनही पेटते, आणि पुष्कळदा घराच्या आतच पेटते. अशा घरी निदान चूल ओसरीवर आणावी, तिच्यावर धुराडे करावे, सरपण पावसाआधी छपराखाली रचून वाळवावे. यांपैकी कशालाही मोठा खर्च नाही.

दुपारच्या कॉफीसाठी आजींनी आत जाऊन गॅस पेटवला. अंगणातली चूल मुलांच्या हवाली झाली. त्यांनी निखारे काठीने पसरले, पाणी शिंपडले, राख ढवळली, पुन्हा शिंपडले. मग त्यांतल्या मोठ्या मुलीने राखेच्या वर हाताची पालथी बाजू धरून पाहिली आणि ती थंड झाल्याची खात्री होताच टोपलीत भरून माडाच्या बुंध्याशी ओतली.