१५७ किलो

हीरो एक्सपल्स २०० ही मोटरसायकल मी वजनाकडे बघून घेतली. पेट्रोल-ऑइलसकट १५७ किलो. रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन १९९ किलोंची होती, आताची ४५० सीसीची १९६ किलोंची आहे. ताकदीत या दोन्ही माझ्या गाडीच्या कितीतरी पुढे. माझ्या बीएस-सिक्स मॉडेलला जेमतेम १७.८ बीएचपी. पण मातीच्या वाटेवर गाडी पडते. चांगल्या-वाईट सगळ्या चालवणाऱ्यांची पडते. तेव्हा आजूबाजूला माणूस नसेल तर ती मला एकटीला उभी करता येईल का, हा माझा पहिला प्रश्न होता. हँडल पूर्ण वळवायचं, गाडीकडे पाठ करून सीटला टेकायचं, एक हात हँडलवर आणि एक मागच्या पकडीवर ठेवून मांड्यांच्या जोराने मागे मागे रेटत जायचं. १५७ किलो अशा रीतीने माझ्याकडून उभे राहतात. त्यावर चाळीस किलो चढले की कोणाला तरी हाक मारावी लागते.

मी सांगलीची, नोकरी बंगळुरात. पुण्या-कोल्हापूरहून येणारी पुष्कळ मुलं आपली एमएच गाडी सोबत आणतात आणि वर्ष उलटलं की एनओसी, इथला आजीवन कर, पुन्हा नोंदणी या चक्रात सापडतात. मी त्यापेक्षा इथंच नोंदलेली, एका हातची गाडी शोधली. आठवड्याचे पाच दिवस सर्जापूर रस्त्याने इब्बलूर चौक आणि तिथून आउटर रिंग रोड. सुट्टीच्या दिवशी मागडी, कनकपुरा, कोलार या बाजूंच्या लाल मातीच्या वाटा. एकाच गाडीकडून ही दोन्ही कामं करून घ्यायची तर काय बदलावं आणि कशाला हात लावू नये, याचाच हा हिशेब आहे.

ऑफिसच्या रस्त्यावर ही गाडी कशी चालते, ते आधी सांगते, कारण गाडीची ऐंशी टक्के जिंदगी तिथेच जाते. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं आणि उतरलं तरी पलीकडची कड सहज चढतं. पुढचे शॉकअप १९० मिलिमीटर खाली-वर होतात, मागचा १७०, पोटाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा. मेट्रोच्या कामासाठी उखडलेला रस्ता, न रंगवलेले स्पीडब्रेकर, रात्रीतून खणलेला चर, या सगळ्यांवरून ती जाते आणि कंबर शाबूत राहते. उंच बसल्यामुळे पुढच्या तीन-चार गाड्यांपलीकडचं दिसतं, हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. पावसाळ्यात सायलेन्सर वर असल्याचा आधार असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये याच आउटर रिंग रोडवर पाणी भरलं आणि आयटीतली माणसं ट्रॅक्टरमध्ये बसून ऑफिसला गेली. तरीही सांगते, गाडी उंच आहे म्हणून तळ न दिसणाऱ्या पाण्यात घालू नये. बंगळुरात त्या पाण्याखाली उघडी गटारं असतात.

उणी बाजूही आहे. ऐंशीच्या वर इंजिन कष्टाने चालतं, हँडल आणि फूटरेस्ट थरथरतात. हायवेवरून रोज दूर जाणाऱ्याने ही गाडी घेऊ नये.

मातीत चालणारी गाडी काढायचा प्रयत्न हीरोने पूर्वीही एकदा केला होता. २०११ साली दीडशे सीसीची इम्पल्स आली. ब्राझीलमध्ये खपणाऱ्या होंडाच्या ब्रॉस गाडीवर ती बेतलेली होती. तेव्हा आपल्याकडे मातीत गाडी घालणारी माणसं थोडी होती. इम्पल्स फारशी विकली गेली नाही आणि बंद पडली. २०१५ मध्ये बंगळुरूच्या सी. एस. संतोषने डाकार रॅली पूर्ण केली. असं करणारा तो पहिला भारतीय; छत्तिसावा आला. पुढे हीरोने स्वतःचा रॅली संघ उभा केला, संतोष त्यात होता. २०१७ च्या मिलानच्या प्रदर्शनात एक्सपल्स पहिल्यांदा दिसली आणि मे २०१९ मध्ये दिल्ली शोरूमच्या ९७ हजारांना बाजारात आली. एक लाखाच्या आत २१ इंची चाक आणि लांब शॉकअप तोवर आपल्याकडे कोणी दिलेले नव्हते.

आता बदलांकडे. गाडी घेतल्याबरोबर लोक जे. सी. रोडला जातात आणि फॉग लाइट, लोखंडी लेगगार्ड, पेट्यांच्या चौकटी, उंच काच असं सगळं बसवून घेतात. पंधरा-वीस किलो वाढतात, तेही उंचावर आणि मागे, म्हणजे जिथे वाढू नयेत तिथे. हलकी गाडी घेऊन ती जड करायची असेल तर सरळ जड गाडी घ्यावी. माझा नेम असा की एखादी वस्तू बसवायची तर ती पडल्यावर काहीतरी वाचवणारी हवी किंवा उभं राहून चालवताना उपयोगी पडणारी हवी.

माझा मेकॅनिक बोम्मनहळ्ळीच्या बाजूला आहे. मूळचा निपाणीचा, त्यामुळे आमचं बोलणं मराठीतच. मी गेले तेव्हा माझी एकच तक्रार होती: सीट ८२३ मिलिमीटर उंच, माझे पाय पुरत नाहीत, सिग्नलला चवड्यांवर उभी राहते. सीटचा फोम कापून द्या, नाहीतर मागून गाडी खाली उतरवून द्या. तो म्हणाला, "ताई, कापाकापी मागनं करू. आधी हेल्मेट-बूट घालून बसा की गाडीवर, बघू तर दे किती बसतीय."

मग त्याने टेप काढला. दोघांनी गाडी मागून उचलून चाक लोंबकळतं ठेवलं. त्याने मागच्या एक्सलच्या मध्यापासून सरळ वर, बाजूच्या पॅनेलवर चिकटपट्टीची खूण केली आणि अंतर घेतलं. मग गाडी जमिनीवर, एकाने पुढून धरलेली, मी वर बसलेली, दोन्ही पाय फूटरेस्टवर, अंग दोनदा खाली दाबून सोडलेलं. पुन्हा तेच अंतर. दोहोंत फरक तीस मिलिमीटरच्या आसपास. लांब शॉकअपच्या गाडीत चालवणारा बसल्यावर एकूण चालीच्या साधारण एक तृतीयांश गाडी बसायला हवी. १७० मध्ये पन्नास-पंचावन्न. माझी गाडी माझ्या वजनाने बसतच नव्हती. आधीचा मालक अंगाने भारी असणार, त्याने मागची स्प्रिंग आवळून ठेवलेली. या शॉकअपला दहा टप्पे असतात. त्याने आकड्याच्या पान्याने एकेक टप्पा सोडवला, प्रत्येक वेळी मला बसवलं, प्रत्येक वेळी टेप लावला, आणि पन्नासच्या पुढे गेल्यावर थांबला. सीट तेवढ्याने दोन बोटं खाली आली. पैसे काही लागले नाहीत.

फरक सिग्नलवर जाणवला, पण मातीत त्याहून जास्त जाणवला. स्प्रिंग आवळलेली असताना चाकाला खाली जायला जागाच नसते. खड्डा आला की मागचं चाक जमिनीपासून सुटतं, पकड जाते, मागची बाजू आडवी नाचते. आता चाक जमिनीचा माग धरून राहतं. उंचीचं म्हणाल तर मी कंबर एका बाजूला सरकवून एक पाय सपाट टेकवायला शिकले. ठेंगण्या लोकांना, विशेषतः बायकांना, दुकानदार पहिल्यांदा गाडी उतरवून घ्यायला सांगतात. तसं केलं की पोटाखालची जागा जाते, पुढच्या शॉकअपचा कोन बदलून हँडल सुस्तावतं आणि साइडस्टँडही कापावा लागतो. फोम कापला तर गुडघे जास्त दुमडतात, बसलेल्याचं उभं राहणं अवघड होतं. एक पाय टेकवायला शिकणं या सगळ्यापेक्षा स्वस्त आणि पक्कं आहे.

बाकी बदल थोडके. हँडगार्ड ॲल्युमिनियमच्या दांडीचे घेतले. नुसत्या प्लास्टिकचे वारा अडवतात, लिव्हर वाचवत नाहीत. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हर उभं राहिल्यावर मनगट सरळ राहील इतक्या खाली झुकवल्या, आणि त्यांच्या क्लॅम्पखाली नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळून बोल्ट अगदी करकचून आवळले नाहीत. गाडी पडली की लिव्हर जागच्या जागी फिरते, मोडत नाही. फूटरेस्ट रुंद आणि दातेरी बसवले, कारण उभं राहून तासभर चालवायचं तर सगळं वजन पावलांवर येतं.

चेन-स्प्रॉकेटवर मात्र मी विचार बराच केला. या गाडीला पुढे १३ दाते, मागे ४०. बहुतेक जण पुढचं १२ दात्यांचं टाकतात. स्वस्त पडतं, काम अर्ध्या तासाचं, आणि गाडी आठ टक्क्यांनी जोर धरते. पण लहान चक्रावरून चेनला जास्त वाकून जावं लागतं, ती लवकर झिजते. मी मागचं ४२ दात्यांचं केलं. पाच टक्क्यांचा फरक पडला. चढावर पहिल्या गिअरमध्ये क्लच न दाबता गाडी रांगते, आणि गंमत अशी की हाच फायदा इब्बलूरच्या तुंबलेल्या चौकातही मिळतो. हायवेवर इंजिन थोडं जास्त फिरतं, ॲव्हरेज किंचित उतरतं. मला हा सौदा परवडतो.

टायरवर कंजुषी करू नये. आडवे-उभे मोठे ठोकळे असलेला टायर मातीत धरतो, पण ओल्या डांबरावर, त्यातही मेट्रोच्या कामातल्या लोखंडी पत्र्यांवर, भीती घालतो. रोज ऑफिसला जाणाऱ्याने मधल्या जातीचा घ्यावा आणि फरक हवेने भरून काढावा. डांबरावर कंपनीने सांगितलेली हवा; माती लागली की मी १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवते. त्याखाली जाऊ नये. स्पोकच्या चाकात ट्यूब असते आणि दगडावर आपटलं की रिम आणि दगड यांच्यात ती चिमटते.

म्हणून पंक्चर स्वतःला काढता आलंच पाहिजे. मागडीच्या वाटेवर बाभळीचा काटा मागच्या टायरात गेला की दुकान शोधत हिंडता येत नाही. चाक काढायचं, व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडायची, टायरची कड बुटाच्या टाचेने दाबून रिमपासून सोडवायची. इथपर्यंत जोराचं काम. पुढे युक्तीचं. रिमच्या मध्यभागी खोलगट भाग असतो. समोरची कड गुडघ्याने त्या खोलगटात दाबून धरली तरच अलीकडे लिव्हर घालायला ढील मिळते. हे न करता नुसती ताकद लावणाऱ्याची लिव्हर वाकते. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून बोटं सावकाश फिरवायची, काटा बहुधा अजून तिथेच असतो. ट्यूब परत घालताना तिच्यात फुंकरभर हवा हवी, म्हणजे घडी पडत नाही आणि लिव्हरखाली सापडत नाही. जवळ जादा ट्यूब एकच ठेवायची असेल तर पुढची २१ इंची ठेवावी. अडचणीच्या वेळी ती मागच्या चाकात कोंबून घरापर्यंत येता येतं. मागची पुढे जात नाही. अशा सहलीनंतर स्पोक वाजवून बघावेत, आवाज बोदा आला तर ढिला. दर पावसाळ्यानंतर रिमचा आउट काढून घ्यावा.

सायलेन्सरला मी हात लावला नाही, आणि कोणी लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला परवानगी देत नाही; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली आहे. पण कायदा नसता तरी सांगितलं असतं. गावच्या वाटेने आवाज करत गेलेल्या दहा गाड्यांमुळे अकराव्या गाडीला ती वाट बंद होते. गोठ्यातली जनावरं बुजतात, लोक चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे.

वाटांचा प्रश्न आता खराच बिकट आहे. शिकायचं असेल तर संतोषने कोलार जिल्ह्यात उभारलेलं बिग रॉकसारखं ठिकाण आहे. तिथे पडायला जागा आहे आणि शिकवायला माणूस. नव्या चालवणाऱ्याने पहिला मोठा खर्च एखाद्या सुट्ट्या भागावर करण्यापेक्षा तिथल्या दोन दिवसांवर करावा. बाकी बंगळुरूभोवती जे मोकळं दिसतं ते मोकळं नसतं. बन्नेरघट्ट्याच्या बाजूला जंगल आहे, तळ्यांच्या कोरड्या पात्रात पावसाळ्यात पाणी साठायचं असतं, नाचणीच्या शेताचा बांध कोणाच्या तरी घामाचा असतो. हेसरघट्ट्याचं गवताळ रान वर्षानुवर्षं गाड्यांनी तुडवलं गेलं, कारण बघणाऱ्याला ते पडीक माळरान वाटायचं. तिथे जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत. निसर्गप्रेमींनी त्यासाठी बरीच वर्षं झगडा केला, आणि २०२४ मध्ये कर्नाटकच्या राज्य वन्यजीव मंडळाने पाच हजारांहून जास्त एकर संवर्धन राखीव करायला मान्यता दिली.

ही गाडी घेणाऱ्यांना म्हणून माझं सांगणं आहे. बैलगाडीच्या चाकोरीत राहा, गवतात आणि पिकात चाक घालू नका, गाव आलं की पहिला-दुसरा गिअर टाकून हळू जा, वाटेत माणूस दिसला तर थांबून विचारा. नको म्हणाला तर गाडी वळवा. ती हलकी आहे, जागच्या जागी वळते.